बावन्न हजारांची हुडी घेऊ का?

पत्र असं आहे:

"ताई, मी डिचोलीचा, वय २२. डिप्लोमा करून वेर्ण्याला एका औषध कंपनीत लागलोय, हातात २३ हजार येतात. शाळेत होतो तेव्हापासून मला सुप्रीम या अमेरिकन ब्रँडची ती लाल चौकोनी लोगोवाली हुडी हवी आहे. मुंबईचा एक रिसेलर इन्स्टावर ५२ हजारांना देतोय, ओरिजिनल आहे म्हणतो. निम्मे आधी, निम्मे माल निघताना. माझा मित्र म्हणतो, म्हापशाला सेम ९०० ला मिळते, कशाला पैसे उडवतोस. मी घरी सांगितलं की ही इन्व्हेस्टमेंट आहे, पुढे भाव वाढणार, तर बाबा जेवता जेवता उठले आणि तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचा आधी खाणीवर ट्रक होता. मला खरं काय ते सांगा, कापड खरंच एवढं भारी असतं की नुसतं नाव? आणि बाबांना कसं समजावू?"

अरे बाळा, आधी उत्तर देते आणि मग बाकीचं बोलू. कापड चांगलं असतं, खरंच चांगलं. पण बावन्न हजारांचं नसतं, आणि या माणसाकडून तर अजिबात घेऊ नको. आता हे एवढ्यावर थांबवलं असतं तरी चाललं असतं, पण तुला आजूबाजूच्या सगळ्यांनी "वेडा झालास का" एवढंच ऐकवलेलं दिसतंय आणि त्यातल्या एकानेही ती हुडी हातात घेऊन बघितलेली नसणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी बरीच वर्षं टीशर्ट शिवून घेणे, छापून घेणे याच धंद्यात काढलीत, कॉलेजच्या फेस्टपासून फुटबॉल क्लबच्या जर्सीपर्यंत, त्यामुळे कापडाबद्दल मला कोणी काही सांगितलं की हात लावून बघितल्याशिवाय राहवत नाही.

ही हुडी मी बघितली आहे. आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेला, तो सुट्टीला आला तेव्हा घेऊन आला होता, लंडनच्या दुकानातून रांगेत उभं राहून घेतलेली, बिलासकट. मी ती पहिल्यांदा उलटी केली. कुठलाही कपडा बघायचा तर आतूनच बघायचा, बाहेरून सगळेच चांगले दिसतात. आतली लव दाट आणि सारखी, कुठे पातळ पट्टा नाही. डोक्यावरच्या टोपीचा भाग दुहेरी कापडाचा, म्हणून तो मानेवर मेल्यासारखा पडत नाही, आकार धरून राहतो. पुढचा लोगो छापलेला नाही, भरतकाम आहे, आणि टाके इतके जवळ जवळ की मी नखाने ओढून बघितलं तरी खालचं कापड दिसलं नाही. मशीनवरचं भरतकाम करून देणाऱ्याला विचार, टाके वाढले की मशीनचा वेळ वाढतो आणि वेळ वाढला की पैसे वाढतात, तिथेच बहुतेक जण हात आखडता घेतात. यांनी घेतलेला नाही.

अजून एक गोष्ट आहे जी फोटोत कळत नाही. विणलेलं कापड, म्हणजे आपलं होजिअरीचं, धुतल्यावर रुंदीपेक्षा उंचीला जास्त आटतं. तुझ्याही घरात असा टीशर्ट असेल की जो दोन महिन्यांत पोटाच्या वर यायला लागला आणि रुंदीला मात्र तेवढाच. यावर उपाय म्हणून हे कापड आडवं धरून कापतात, म्हणजे जास्त आटणारी बाजू उंचीला न येता रुंदीला येते आणि हुडी वर चढत नाही. ही युक्ती सुप्रीमची नाही हं, चॅम्पियन नावाच्या अमेरिकन कंपनीने खेळाडूंच्या स्वेटशर्टसाठी काढलेली, १९३८ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पण आडवं कापलं की कापड जास्त वाया जातं, म्हणून स्वस्तातला माल असा कोणी कापत नाही. सुप्रीमने या हुडीला ती पद्धत ठेवली आणि वर्षानुवर्षं कॅनडात शिवून घेतली. आणि हे सगळं मिळून त्यांच्या स्वतःच्या दुकानात हिची किंमत किती, तर दीडशे ते पावणेदोनशे डॉलरच्या मधे, म्हणजे आपले पंधरा हजारांच्या आसपास. अमेरिकेतल्या पगाराच्या मानाने ती महाग आहे पण लूट नाही. त्या किमतीला मी तरी तिला चांगला माल म्हणेन.

टीशर्टचं मात्र तसं नाही. त्यांचे टीशर्ट चाळीस-पन्नास डॉलरचे, कापड बरं, शिलाई स्वच्छ, छपाई व्यवस्थित, पण तसा टीशर्ट आपल्या तामिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये डोळे मिटून बनतो. भारताच्या होजिअरी निर्यातीतला मोठा वाटा त्या एका शहरातून जातो, जगातले मोठमोठे ब्रँड तिथे माल शिवून घेतात. तेव्हा कोणी तुला सुप्रीमचा साधा टीशर्ट पंधरा हजारांना दाखवला तर त्यात कापडाचे जेमतेम हजार रुपये आहेत आणि बाकीचा नुसता लाल चौकोन आहे असं बिनधास्त समज.

मग हे एवढं लोकप्रिय झालं कसं, आणि ते त्यांनी कमावलं की नाही? माझ्या मते सुरुवातीचं कमावलं. एप्रिल १९९४ मध्ये जेम्स जेबिया नावाच्या माणसाने न्यूयॉर्कला लाफायेट स्ट्रीटवर स्केटबोर्डचं एक दुकान काढलं. तो स्वतः स्केटर नव्हता, पण त्याने स्केट करणारी पोरंच दुकानात कामाला ठेवली, कपडे भिंतीच्या कडेने लावले आणि मधली जागा मोकळी सोडली, की पोरांना बोर्डवरून थेट आत येता यावं. बघ ना, कुठला दुकानदार मोक्याच्या जागेचं भाडं भरून मधोमध मोकळी जमीन सोडेल? ती पोरं दिवसभर काँक्रीटवर आपटायची, घासायची, त्यांना जाड टिकाऊ कपडा लागायचा, आणि पडला-फाटला की तीच पोरं परत येऊन तोंडावर सांगायची. जाड कापडाची सवय ब्रँडला तिथून लागली. चांगलं गिऱ्हाईक असलं की माल चांगला होतो हे मी आमच्याकडच्या फुटबॉलवाल्या पोरांकडूनही बघितलंय, जर्सीची शिवण पहिल्याच मॅचला उसवली की दुसऱ्या दिवशी अख्खी टीम दुकानात हजर.

आणि लाल पट्टीवरची तिरकी पांढरी अक्षरं, ती म्हणशील तर बार्बरा क्रूगर या अमेरिकन कलावतीच्या कामावरून घेतलेली. ती अशाच लालवरच्या पांढऱ्या अक्षरांत लोकांच्या खरेदीच्या हव्यासावर टीका करायची. ज्या लोगोसाठी तू बावन्न हजार मोजायला निघालायस तो मुळात कुठून आलाय हे तुला माहीत असावं एवढ्यासाठी सांगितलं.

पुढचं जे झालं ते कापडाचं नाही, टंचाईचं झालं. दर गुरुवारी सकाळी अकराला नवा माल, तो पण मोजका, आणि संपला की संपला, बहुतेक वेळा परत येत नाही. मालकाचं म्हणणं सुरुवातीला साधं होतं, की कोणाला नको असलेला माल अंगावर पडू नये म्हणून थोडा बनवतो, आणि छोट्या दुकानदाराची ही काळजी मला शंभर टक्के पटते, पडून राहिलेल्या मालाने कितीतरी दुकानं बसलेली मी बघितलीत. पण पुढे लोकांच्या लक्षात आलं की सकाळी अकराला घेतलेली वस्तू दुपारी दुप्पट-तिप्पटीला जाते, मग रांगेत घालायला घेणारे कमी आणि विकायला घेणारे जास्त झाले, ऑनलाइन तर माणसांच्या आधी सॉफ्टवेअरच काही सेकंदांत माल उचलायला लागलं. २०१६ मध्ये यांनी एक वीट काढली. हो, वीट, भाजलेल्या मातीची, वर नाव कोरलेलं, ३० डॉलरला. तीही संपली, आणि इंटरनेटवर हजार डॉलरपर्यंत मागणारे निघाले. विटेला कापड नसतं, शिवण नसते, भरतकाम नसतं. तेव्हा ५२ हजारांतले पंधरा हजार हुडीचे धरलेस तर वरचे सदतीस हजार त्या विटेचे आहेत हे डोक्यात ठेव.

मग मोठे पैसेवाले आले. ज्या लुई व्हिताँने २००० साली आमच्या डिझाइनची नक्कल केली म्हणून यांना वकिलाची नोटीस धाडली होती, त्याच लुई व्हिताँने २०१७ मध्ये यांच्यासोबत जोडीने कपडे काढले. त्याच वर्षी कार्लाइल नावाच्या गुंतवणूक कंपनीने जवळपास निम्मा हिस्सा घेतला, साधारण ५० कोटी डॉलरला. २०२० मध्ये व्हॅन्स आणि नॉर्थ फेसवाल्या व्हीएफने सगळी कंपनी २१० कोटी डॉलरला घ्यायचा सौदा केला. आणि २०२४ मध्ये तीच कंपनी रे-बॅनचे चष्मे बनवणाऱ्या एस्सिलोर-लक्सोटिकाला विकली, कितीला, तर १५० कोटीला. म्हणजे चार वर्षांत साठ कोटी डॉलर कमी.

हा आकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तू बाबांना "इन्व्हेस्टमेंट" म्हणालास. अरे, ज्यांच्याकडे हिशेबनीस आणि वकिलांची फौज आहे त्यांना हे नाव चढ्या भावाने घेऊन पडत्या भावाने विकावं लागलं, आणि तू डिचोलीत बसून, एकच हुडी, तीही वापरणार, धुणार, घामाची होणार, तिचा भाव वाढेल म्हणतोस? भाव वाढतो तो न घातलेल्या, पिशवीतून न काढलेल्या वस्तूचा, आणि तोही सगळ्या रंगांचा आणि सगळ्या वर्षांचा वाढत नाही. विकायला गेलास तर घेणारा शोधणार कुठे, परत त्याच रिसेलरकडे जाशील, आणि तो पन्नासची वस्तू तुझ्याकडून वीस-पंचवीसला मागेल, कारण त्याचं पोट त्या फरकावरच चालतं.

तुझे बाबा जेवणावरून का उठले ते तुझ्या पत्रातल्या एका वाक्यात आहे आणि तू ते जाता जाता लिहून पुढे गेलास. त्यांचा खाणीवर ट्रक होता. डिचोली, सांखळी, होंडा, तिकडे सांगे, कुडचडे, चीनला खनिज जात होतं त्या काळात घराघरांत ट्रक आले. लोकांनी कर्जं काढून घेतले, एकाचे दोन केले, शेतं पडीक टाकून घेतले, आणि तेव्हा प्रत्येकाच्या तोंडात हेच होतं की काळजी नको, भाव वाढतोच आहे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. हप्ते मात्र बंद झाले नाहीत. ट्रक दारात उभे राहून गंजले, चाकांत गवत वाढलं, भंगाराच्या भावाने गेले. ट्रक काही वाईट नव्हता, इंजिन तेच, टायर तेच, पण त्याचा भाव ट्रकवर नव्हताच, तो लांब कुठेतरी दुसऱ्याच कोणाच्या मागणीवर उभा होता, आणि ती मागणी गेली त्या दिवशी आपल्या हातात काही नव्हतं. तुझी हुडी अगदी तशीच आहे. कापड उद्याही तेच राहील, पण वरचे सदतीस हजार मुंबई, न्यूयॉर्क, टोकियोतल्या पोरांच्या मूडवर उभे आहेत. बाबांना सुप्रीम माहीत नसेल, हा प्रकार मात्र त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता म्हापशाचं. तुझ्या मित्राला सांग की सेम नाही. ९०० रुपयांत आडवं कापलेलं जाड कापड येत नाही, येऊच शकत नाही, नुसत्या कापडाची आणि शिलाईची बेरीज कर. ते बहुतेक पॉलिस्टर मिसळलेलं असतं, चार धुण्यांत गोळे येतात, लोगो चिकटवलेला असतो तो इस्त्री लागली की सुरकुततो. शुक्रवारच्या बाजाराबद्दल मला अतोनात प्रेम आहे, तिथून मी अजून चादरी आणि टॉवेल घेते, तिथे विकणाऱ्याशी माझं काही भांडण नाही. पण दुसऱ्याचं नाव लावलेला कपडा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं, आणि तुलाही आतून तसंच वाटतंय, नाहीतर तू कधीच तो घेऊन मोकळा झाला असतास. हा नकलेचा धंदा किती वर गेला होता बघ, इटलीत एका वेगळ्याच कंपनीने हेच नाव नोंदवून दुकानदारी सुरू केली, २०१८ मध्ये चीनमध्ये सॅमसंगने आमची सुप्रीमशी भागीदारी म्हणून स्टेजवर जाहीर केलं ते या नकली लोकांबरोबर, नंतर ते सगळं मागे घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या कंपनीचे लोक फसतात तिथे इन्स्टावरच्या चार फोटोंवरून तू ओरिजिनल कसं ओळखणार? म्हणून म्हटलं, या माणसाकडून तर नकोच. कदाचित तो खरा असेलही, पण तुझ्याकडे ते तपासायचा मार्गच नाही.

आणि एक गोष्ट तुला कोणीच विचारली नाही असं दिसतं, घालणार कुठे? ही हुडी न्यूयॉर्कच्या थंडीसाठी बनलेली आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्कूटरवर जाताना घालशील, कंपनीच्या एसी बसमध्ये घालशील, झालं. मार्चपासून कपाटात. आणि मग जून. जाड कॉटन, आत लव, बाहेर महिनाभर ऊन नाही, हवा ओली, कपाट भिंतीला लागून. भाद्रपदात चवथीला नवे कपडे काढायला कपाट उघडशील तेव्हा खांद्यावर आणि बाहीच्या घडीत पांढरे-काळे ठिपके असतील आणि तो कुबट वास. बुरशीचे काळे डाग कॉटनवरून पूर्ण जात नाहीत, ब्लीच मारलं तर रंग जातो. आमच्याकडे लोक हौसेने आणलेली परदेशी जॅकेटं घेऊन यायचे, "बाय, हे साफ होईल का बघ", आणि बहुतेक वेळा नाही म्हणावं लागायचं, त्यांचं तोंड बघवायचं नाही.

आपल्या हवेचा कपडा कसा असावा हे ज्याला कळलं होतं असा माणूस आपल्यातच होऊन गेला, कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स. हलकं, सैल, वारा जाईल असं कापड, कमीत कमी शिवण, पांढरा रंग, यावर त्यांनी नाव कमावलं, विस्मरणात चाललेली कुणबी साडी परत लोकांच्या अंगावर आणली, २०१४ ला पद्मश्री मिळाली, २०२० च्या फेब्रुवारीत गेले. तू त्यांच्यासारखे कपडे घाल असं मी म्हणत नाही, तुझं वय वेगळं, आवड वेगळी. पण फॅशन म्हटलं की ती बाहेरून कुठून तरी यायला हवी असं तुला वाटत असेल तर एकदा त्यांचं काम बघ, आपल्याच मातीतला माणूस आपल्याच उकाड्याचा विचार करून कपडे करत होता आणि जग बघायला येत होतं.

मग घ्यायचं काय? तुला तो जाड, सैल, खांदा उतरलेला लूक आवडतो, बरोबर? तो आपल्याकडे आता सगळीकडे मिळतो आणि चांगला मिळतो. टीशर्ट घेताना जीएसएम विचार, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये. साधा टीशर्ट १८० च्या आसपास असतो, ओव्हरसाइझ्ड वाले २४० चे असतात, हुडीचं कापड ३०० च्या पुढे जातं. गोव्यात रोज घालायला २४० चासुद्धा मे महिन्यात जड होतो, मी तर १८० ते २२० सांगेन, संध्याकाळी पणजीला फिरायला जाणार असशील तर २४० ठीक. आणि दुकानदार जीएसएम वाढवून सांगतो, तेव्हा घरच्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर एकाच साइझचे, एकाच कटचे दोन टीशर्ट ठेवून बघ, कोण खोटं बोलतोय ते लगेच कळतं.

जीएसएम म्हणजे सगळं नाही पण. जाड असून फालतू असलेलं कापडही भरपूर येतं. गळ्याची पट्टी ओढ आणि सोड, ती झटकन जागेवर आली पाहिजे, लाट राहिली तर दोन महिन्यांत गळा लोंबणार. आतून खांद्यापासून खांद्यापर्यंत मानेमागे पट्टी शिवलेली आहे का बघ. उजेडासमोर धर, विणीत कुठे जाड कुठे पातळ दिसलं तर सूत कच्चं आहे. कॉम्बड कॉटन आणि बायोवॉश लिहिलेलं असेल तर बरं, पहिल्यात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, दुसऱ्यात वर आलेले बारीक तंतू साफ केलेले असतात, म्हणून गोळे कमी येतात. आणि घरी नेल्यावर पहिल्या धुण्याआधी उंची मोजून ठेव, धुऊन वाळल्यावर परत मोज, आणि बाजूची शिवण सरळ खाली जातेय की फिरून पोटावर आलीय ते बघ. शिवण फिरली तर त्या ब्रँडकडे परत जाऊ नको, मग त्याच्या जाहिरातीत कोणीही असो. हे सगळं पास होणारा टीशर्ट तुला हजार-बाराशेत मिळेल, हुडी अडीच-तीन हजारांत. त्यात भरतकामाचा एखादा आपल्या मनातला लोगो करून घ्यायचा असेल तर मडगाव, म्हापसा, पणजी, कुठेही कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाले बसलेत, दोन-अडीचशेत करून देतात, टाके दाट घाल म्हणून सांगायचं आणि समोर उभं राहून करून घ्यायचं.

आणि एवढं सगळं वाचूनही, ती हुडी ती हुडीच, असं तुला वाटलं तर? वाटू शकतं, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. शाळेपासून मनात धरलेली गोष्ट आहे, माणसाला एखाद्या गोष्टीची हौस असावी. तुझा स्वतःचा पगार आहे. मग ती दुकानाच्या भावाने घे. गोव्यात असं घर शोधून काढावं लागेल ज्याचं कोणी लंडनला नाही, बोटीवर नाही, गल्फला नाही. लंडनला यांचं स्वतःचं दुकान आहे, पॅरिसला आहे, मिलानला आहे. कोणाला तरी सांगून ठेव, मिळाली तर मिळाली, बिलासकट, आणि तोपर्यंत महिन्याला हजार-दीड हजार बाजूला टाक. ही बॉक्स लोगोची हुडी वर्षभर दुकानात लटकलेली नसते, ती बहुतेक वर्षाअखेरीला, थंडीच्या सुमारास येते, तेव्हा वेळ लागेल, एखादं वर्ष जाईलही. त्या वेळात तुझं मन बदललं तर पैसे तुझेच आहेत, नाही बदललं तर पंधरा हजारांची चांगली वस्तू पंधरा हजारांना घेतल्याचं समाधान तुझं. मग ती वापर पण. पावसाळ्यात कपाटात कोंडू नको, आठवड्याला बाहेर काढून पंख्याखाली टांग, खाली सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि धुताना उलटी करून थंड पाण्यात, सावलीत आडवी वाळत घाल, दोरीवर लटकवलीस तर पाण्याच्या वजनाने खांदे उतरतील.

बाबांना समजावायचं म्हणतोस, तर आधी समजावायचं सोड. जाऊन सांग की ती मुंबईची हुडी मी घेत नाही. भाव वाढणार म्हणालो ते चुकलं, एवढं म्हण, तेवढं पुरे. त्यावर लेक्चर नको, आकडे नको. आणि मग कधीतरी निवांत असतील तेव्हा त्यांना विचार की ट्रक घेतला तेव्हा तुम्हाला कोणी काय सांगितलं होतं, किती हप्ता होता, शेवटी कितीला गेला. तुझ्या पिढीच्या कितीतरी पोरांना हे माहीतच नाही, घरात कोणी बोलत नाही, लाज वाटते म्हणून. ते कदाचित पहिल्यांदा सांगणार नाहीत. परत विचार. आणि पहिल्या पगारातून घरच्यांना काही घेतलंस की नाही ते तू लिहिलं नाहीस. घेतलं नसशील तर चवथीआधी त्यांना एक चांगला कॉटनचा शर्ट घे, वर सांगितलं तसं गळा ओढून, आतून उलटा करून, त्यांच्या समोर. त्यांना कळेल की पोराला वस्तू पारखता येते.

राहिला तो रिसेलर. तू पत्रात पैसे दिलेत की नाही ते स्पष्ट लिहिलेलं नाही, म्हणून सांगते. दिले नसतील तर "नको" एवढाच मेसेज टाक आणि विषय संपव, तो म्हणेल दुसरा गिऱ्हाईक उभा आहे, आज शेवटचा दिवस, भाव कमी करतो, काहीही म्हणेल, उत्तर देऊ नको. टोकन म्हणून काही दिलं असशील तर आधी लेखी परत माग, सगळ्या चॅटचे, यूपीआयच्या व्यवहाराचे आणि त्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेव, अकाउंट गायब झालं की ते मिळत नाहीत. टाळाटाळ केली किंवा ब्लॉक केलं तर वाट बघत बसू नको, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन कर आणि बँकेलाही त्याच दिवशी कळव, जितक्या लवकर कळवशील तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. रक्कम छोटी आहे म्हणून लाजून गप्प राहू नको. आणि काय झालं ते मला परत लिही.